परळातलं पाणी

घंटा वाजली तेव्हा मला वाटलं, काळुंद्री दावं सोडवून माजघरात शिरली. डोळे काही उघडेनात. मला सातवा महिना होता, वेळ दुपारची, आणि सड्यावर, म्हणजे आमच्या डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, असं धुकं उतरलं होतं की दारातून आत येऊन ते चुलीच्या धुरात मिसळलं होतं. घंटा पुन्हा वाजली, या वेळी अगदी माझ्या पोटाजवळ. आत काहीतरी उसळलं. की स्वप्नात मीच डोहात उडी टाकली होती? मी डोळे उघडले.

म्हैस नव्हती. माझी थोरली जाऊ भागाक्का शेजारी उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात काळुंद्रीच्या गळ्यातली पितळी घंटा होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. पोटाकडे बघत होती, पापणीसुद्धा न लववता.

“काय करताय, आक्का?”

“काय न्हाई. नीज तू.”

घंटा पदराखाली घेऊन ती गोठ्याकडे गेली आणि मी पुन्हा झोपले. त्या पावसाळ्यात मी जागी किती होते आणि झोपेत किती, हे आज इतक्या वर्षांनीही मला सांगता येणार नाही. दिवस उजाडायचा तोच पांढरा. समोरचं घर दिसायचं नाही, माणसाचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. झोपेत मी खालच्या नदीत पोहत असायची, जागी झाले की धुक्यात चालत असायची, आणि दोन्हींत फारसा फरक वाटायचा नाही.

मी खालच्या गावची, नदीकाठची. लग्न होऊन सड्यावरच्या गवळी धनगरांच्या वस्तीत आले. वस्ती कसली, मोजकी घरं आणि घरांहून जास्त म्हशी. माझा नवरा आणि दीर दोघेही मुंबईला गोदीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, पोटभर दूध-भात खायचे आणि कोंबडा आरवायच्या आत घाट उतरून जायचे. घरात आम्ही बायकाच. सासू, म्हणजे आत्याबाई, भागाक्का, तिची लेक रंगू, आणि मी.

भागाक्काच्या गळ्याला पेरूएवढा गोळा होता. वस्तीत निम्म्या बायकांना तसा असायचा, कुणाचा लहान, कुणाचा मोठा, म्हणून त्याला कुणी आजार म्हणतच नसे. “चढावरची हवा हाय, गळा येतोच,” असं आत्याबाई म्हणायच्या. नवी सून आली की बायका तिची हनुवटी वर करून बघायच्या आणि हसायच्या, “हिचा गळा अजून खालच्या गावचाच हाय!”

रंगू दहा-अकरा वर्षांची होती, पण अंगानं सहा वर्षांची वाटायची. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि सांगितलेली गोष्ट कळायलाही वेळ लागायचा. हसायची मात्र इतकी गोड की रागावायला आलेलं माणूस राग विसरून जाई. दिवसभर ती काळुंद्रीच्या मानेला बिलगून असायची. भागाक्काला दिवस असताना तिनं गिराणात भाजी चिरली, म्हणून पोर अशी झाली, हे आत्याबाईंनी पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं. भागाक्का त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. फक्त ग्रहण लागलं की ती रानात निघून जायची आणि सुटल्यावरच परत यायची.

उन्हाळ्यात, मला दिवस राहिल्याचं नुकतं कळलं होतं तेव्हा, नर्सबाई वर आल्या. शिरतोडेबाई त्यांचं नाव. घाट चढून धापा टाकत ओसरीवर बसल्या, तांब्याभर ताक प्यायल्या आणि पिशवीतून मिठाच्या पिशव्या काढल्या. आम्ही मीठ आणायचो ते कोकणातलं. तूप घेऊन खाली उतरायचं आणि खडे मिठाची गोणी घेऊन वर यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्यामुळे मीठ काय कुणी भेट देतं का, म्हणून आत्याबाई हसायला लागल्या.

“हसू नका, आजी,” बाई म्हणाल्या. “सरकारनं आता साऱ्या देशात हेच मीठ द्यायचं ठरवलंय. गावातल्या रेशनच्या दुकानातही हेच येणार. बघा गंमत.”

त्यांनी आमचं मीठ एका बशीत घेतलं, त्यांचं दुसऱ्या बशीत, आणि लहानशा बाटलीतून दोन्हींवर एकेक थेंब टाकला. आमचं मीठ होतं तसं पांढरं राहिलं. त्यांचं मीठ बघता बघता जांभळं झालं.

“अगं बया!” भागाक्का म्हणाली. “कारवी फुलल्यावानी झालं की!”

“ह्यात आयोडीन घातलंय,” बाई म्हणाल्या. “तुमच्या सड्यावर एवढा पाऊस, तो मातीतलं सगळं धुऊन नेतो. धान्यात ते नाही, भाजीत नाही, कोकणातल्या मिठातही पुरेसं नाही. म्हणून गळ्याला हे गोळे येतात. आणि पोटुशी बाईच्या जेवणात हे नसलं, तर बाळाचा मेंदू नीट वाढत नाही. कान जातात. वाचा जाते.”

भागाक्का दाराकडे बघत होती. तिथं रंगू म्हशीच्या शेपटीची वेणी घालत बसली होती.

“म्हंजे गिराण न्हाई?” भागाक्कानं हळूच विचारलं.

“कसलं गिराण?”

“काय न्हाई.” मग थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, “माज्या येळेला कुटं व्हतं ह्ये मीठ?”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. “इथवर पोचलं नव्हतं गं.”

आत्याबाई उठून आत गेल्या. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. पण मीठ मात्र त्यांनी ठेवून घेतलं आणि त्या दिवसापासून घरात तेच वापरायचं असं ठरलं. सगळं माझ्यासाठी, माझ्या पोटातल्यासाठी. आत्याबाईंनी आपल्या हातानं ते मिठाच्या टोपलीत ओतलं.

ही टोपली चुलीच्या कडेला शिंकाळ्यात टांगलेली असायची. सड्यावर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, म्हणून ते बांबूच्या टोपलीत, धुराच्या धगीला ठेवायचं आणि खाली मातीचा पसरट परळ मांडायचा. रात्रंदिवस त्यात टप टप थेंब पडत राहायचे. मी अर्धवट झोपेत ते ऐकत पडलेली असायची. आमच्या घराचं घड्याळच ते.

पहाटे कधी जाग आली तर मला धुरातून भागाक्का दिसायची. चुलीपाशी वाकायची, काहीतरी उचलून पदराखाली झाकायची आणि धुक्यात निघून जायची. मला वाटायचं, स्वप्न असेल. तेव्हा मला सगळंच स्वप्न वाटायचं.

घंटेची गोष्ट मात्र मी आत्याबाईंना सांगितली. सहज सांगितली, दूध तापवता तापवता. त्यांच्या हातातली पळी तिथंच थांबली.

“पोटापाशी वाजवली?”

“हो. आणि बघत होत्या.”

“कितींदा?”

“दोन-तीनदा असेल. मी झोपेत असते, आत्याबाई.”

“जळतीया ती,” आत्याबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “तिचं असं झालं, आन् तुजं धड व्हनार, म्हून जळतीया. आजपासून तिच्या हातचं खायाचं न्हाई. समजलं?”

मी मान हलवली. मला खरं वाटलं का? थोडं वाटलं. पोटातल्या पोरापुढं मला कुणीच मोठं नव्हतं, आणि भीती एकदा घरात शिरली की तिला बाहेर काढणं म्हैस हाकलण्याइतकं सोपं नसतं.

त्या संध्याकाळी भागाक्कानं माझ्यापुढं नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं ठेवलं. मी ताट थोडं मागं सारलं आणि भूक नाही म्हणाले. तिनं ताटाकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं. काय झालंय ते तिला लगेच उमगलं. ताट उचलून ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी अंथरुणावर पडून थेंब ऐकत राहिले आणि मला फार रडू आलं, पण कशासाठी ते सांगता येईना.

शिरतोडेबाई पुन्हा आल्या त्या भर पावसात, इरलं घेऊन. चपलांना चिखल, साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली. माझं पोट तपासलं, बरं आहे म्हणाल्या. मग टोपलीतलं मीठ चिमूटभर घेतलं आणि बाटली उघडली.

थेंब पडला. मीठ पांढरंच राहिलं.

बाईंनी दुसरी चिमूट घेतली, अगदी तळातून. पुन्हा थेंब. पुन्हा पांढरं.

“हे मी दिलेलं मीठ नाही,” बाई म्हणाल्या.

“त्येच हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “रेशनच्या पिशव्या म्या माज्या हातानं फोडून वतल्यात.”

“मग बदललं कुणी? ह्यात काहीच नाही, आजी. हिचे सगळे महिने वाया गेले म्हणायचे!”

मी पोटावर दोन्ही हात ठेवले. आत सगळं गप्प होतं.

आत्याबाई सावकाश वळल्या. “भागे,” त्या म्हणाल्या, “पहाटंचं पदराखाली काय नेतीस गं? मी आंधळी न्हाई. कुटं नेऊन वतलंस त्ये मीठ? आन् घंटा वाजवून कसलं करतीस हिच्या पोटावर?”

भागाक्कानं माझ्याकडं बघितलं. “तुलाबी असंच वाटतं, हौशे?”

मी मान खाली घातली.

ती चुलीपाशी गेली, टोपलीखालचा परळ दोन्ही हातांनी उचलला, वर पदर घेतला आणि रोज जशी जायची तशी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मग पदर बाजूला केला.

“ह्ये नेते,” ती म्हणाली. “मिठाचं पानी. काळुंद्रीला पाजते. माजी सासू पाजत व्हती, तिची सासू पाजत व्हती. खारं प्याली की म्हस पानी जास्त पिती न् दुधाला बरी ऱ्हाती. वर पदर घेते, त्यात धुक्याचं पानी पडू नये म्हून. घ्या, बघा. टाका तुमचा थेंब. माज्याकडं दुसरं काय बी न्हाई.”

“अगं, ह्याची काही गरज नाही,” बाई म्हणाल्या.

“टाका.”

तिचं मन राखायला म्हणून बाईंनी बाटली वाकडी केली. थेंब पडला आणि परळातल्या पाण्यात जांभळा ढग उठला. तो हळूहळू पसरत गेला, काठापर्यंत गेला. मी उठून बसले. आत्याबाईंनी वाकून बघितलं.

शिरतोडेबाई होत्या तिथंच, ओल्या साडीनिशी, जमिनीवर बसल्या.

“मिठाला पाणी सुटलं,” त्या जणू स्वतःशीच बोलत होत्या. “आणि आयोडीन त्या पाण्याबरोबर खाली उतरलं. मीठ राहिलं वर, औषध गेलं परळात. ह्या हवेत टोपलीत ठेवायचं नाही, हे मला सांगायला सुचलंच नाही.”

“म्हंजे,” भागाक्का म्हणाली, “जे हिच्या पोटात जायाचं, त्ये माज्या म्हशीच्या पोटात गेलं?”

“सगळंच्या सगळं.”

भागाक्का हसायला लागली. “तरीच काळुंद्री येवडी शानी झाली! परवा कडी काढून आत आली की वो!” ती हसली तशी मी हसले, बाई हसल्या, आणि तोंडाला पदर लावून आत्याबाईही हसल्या. मग भागाक्काचं हसू मधेच तुटलं. परळ खाली ठेवून ती भिंतीला टेकली.

“मीच की गं,” ती म्हणाली. “माज्याच हातानं. रोज पहाटं उटून.”

मी उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या अंगाला शेणाचा आणि दुधाचा वास येत होता.

“घंटा कशाला वाजवत होतात, आक्का?”

ती रंगूकडं बघत म्हणाली, “ही पोटात व्हती तवा गोठ्याजवळच्या आंब्यावर वीज पडली. काळुंद्रीची आई दावं तोडून पळाली. आत्याबाई किंचाळल्या. माज्या पोटात मातुर काय सुदिक हाललं न्हाई. मला वाटलं, लेक गुनाची हाय, भ्याली न्हाई. सगळ्यांस्नी कवतिकानं सांगत सुटले मी.” तिनं माझ्या पोटाकडं बघितलं. “हाललं व्हतं का गं, घंटा वाजली तवा?”

“ठाऊक नाही, आक्का. मी झोपेत होते. काहीतरी उसळलं खरं, पण ते स्वप्नातलं की खरं, कळलं नाही. आता वाजवा की. मी जागी आहे.”

“नगं,” ती म्हणाली. “न्हाई हाललं तर?”

आत्याबाई उठल्या. फळीवरून त्यांची चिनी मातीची बरणी काढली. वर्षभराचं आंब्याचं लोणचं होतं तीत, कुणाला हात लावू देत नसत. ते त्यांनी एका पातेल्यात उपसलं, बरणी घासली, धगीला धरून कोरडी केली आणि बाईंनी आणलेलं नवीन मीठ तीत भरून वर घट्ट झाकण बसवलं. मग भागाक्काकडं न बघता म्हणाल्या, “हौसाचं ताट तूच वाड. माजा हात जड पडतो मिठाला.”

याहून जास्त त्या काही बोलल्या नाहीत, आणि भागाक्कानंही मागितलं नाही.

पावसाळा सरेपर्यंत काळुंद्री रोज पहाटे दारात येऊन हंबरायची आणि भागाक्का तिला समजावायची, “तुजं झालं आता. आता हिचं.” घंटा म्हशीच्या गळ्यात परत गेली. मी झोपत होते, जागी होत होते. जागी असले की पोरगं हलायचं, हलत नसलं की मी घाबरायची. बाईंनी सांगितलं होतं, उरलेल्या दिवसांत मिळेल तेवढं मिळेल, आता काही ठरवून सांगता येत नाही. मी जेवताना प्रत्येक घास मिठासाठी चावायची.

पाऊस सरल्यावर मुलगी झाली. रडली. सुईणीनं थाळी वाजवायला मागितली, तर भागाक्का थाळी छातीशी धरून उभी राहिली. “निजू द्या तिला,” म्हणाली. सुईण तोंडाला पदर लावून हसली, पण आमच्यापैकी कुणी हसलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात कुणी भांडं आपटलं नाही, दार लोटलं नाही. बाळाजवळ सगळ्या हळू आवाजात बोलत. बाळाला त्रास नको म्हणून, असं आम्ही एकमेकींना दाखवत होतो. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. हाक मारली आणि पोर वळलीच नाही तर काय करायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

एका सकाळी मी ओसरीवर बाळाला पाजत बसले होते. उन्हाचा पत्ता नव्हता, सडा पांढरा होता, अंगणातली तुळससुद्धा दिसत नव्हती. भागाक्का आणि रंगू म्हशीला घेऊन कुठंतरी त्या धुक्यात होत्या. मला पुन्हा पेंग यायला लागली होती. लांबून घंटा वाजली.

बाळ ओढायचं थांबलं.

घंटा थांबली. बाळ पुन्हा ओढायला लागलं. मला वाटलं, मी झोपले आहे. मी माझा ओठ दातांखाली धरला, दुखला. घंटा पुन्हा वाजली, जरा जवळ. बाळानं तोंड सोडलं आणि डोळे मोठे करून त्या पांढऱ्यात बघायला लागलं.

“आक्का!” मी ओरडले. “थांबा तिथंच! पुढं येऊ नका!”

“काय झालं गं?” धुक्यातून आवाज आला, घाबरलेला.

“घंटा वाजवा!”

काहीच ऐकू आलं नाही. ती समजली असावी, कारण घंटा लगेच वाजली नाही. मला वाटलं, आता ती नगं म्हणणार. मग वाजली, एकदाच, अगदी हळू. माझ्या मांडीवर पोरीनं मान वळवली.

“ऐकलं!” मी म्हणाले. “आक्का, ऐकलं हिनं!”

आत्याबाई चुलीपासून धावत आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. भागाक्का मात्र आली नाही. ती तिथंच, आम्हाला न दिसता, घंटा वाजवत राहिली, आधी थांबून थांबून आणि मग न थांबता. मी किती हाका मारल्या तरी ती थांबेना.

हळूहळू धुकं विरळ झालं तेव्हा मला तिघी दिसल्या. काळुंद्री मान खाली घालून उभी होती. भागाक्का तिच्या गळ्यातली घंटा हलवत रडत होती. आणि रंगू आपला तळवा त्या पितळेवर ठेवून, आतली थरथर हाताला लागत होती म्हणून, आईकडं बघून हसत होती.